मल्हारीचा आकडा

यमाजी भिसे आंघोळ करून, कपाळभर कुंकू लावून, गळ्यात कवड्यांची माळ घालून चौकासमोर बसले तेव्हा त्यांच्या पोटात आदल्या संध्याकाळच्या भाकरीखेरीज काही नव्हतं. गोंधळ उभा राहिला की तो संपेपर्यंत अन्नाचा कण तोंडात घालायचा नाही, ही भिशांच्या घरातली रीत. त्यांच्या लेकीनं, मथुरेनं, त्यावर वाद घातला नाही. दुपारपर्यंत आटोपेल, असं झाकीरनं सांगितलं होतं. तिनं पुरण शिजवून झाकून ठेवलं, वडिलांची मधुमेहाची गोळी आणि पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताशी ठेवला आणि वीज उपकेंद्रातल्या आपल्या पाळीवर निघून गेली.

चौक नेहमीसारखाच मांडला होता. पाटावर खण, खणावर गव्हाची रास, राशीत कलश, चहूकडून ज्वारीच्या धाटांची कमान, बाजूला दिवटी. फक्त संबळ वाजवणारा नव्हता. त्याच्या जागी घोंगडीवर एक करडा डबा ठेवला होता. जेवणाच्या डब्याएवढाच असेल.

डब्याचं नाव उत्तरनाद. गेल्या दोन वर्षांत तो बार्शीतल्या घराघरांत पोहोचला होता, तरी मथुरेला त्याचं गणित झाकीरनंच समजावलं. झाकीर मुजावर तिच्या धाकट्या भावाचा, मल्हारीचा, शाळेपासूनचा मित्र. एक संबळावर गेला, दुसरा आकड्यांवर. पुण्याच्या गणित केंद्रात तो ज्या चमूत होता त्यांनीच हे यंत्र बनवलं होतं.

‘‘कुठलाही पूर्णांक घ्या, ताई,’’ तो एकदा चहा पिता पिता म्हणाला होता. ‘‘सम असला तर निम्मा करा. विषम असला तर तिप्पट करून एक मिळवा आणि मग निम्मा करा. जे येईल त्याला पुन्हा तेच. सात घ्या. साताचे अकरा, अकराचे सतरा, मग सव्वीस, तेरा, वीस, दहा, पाच, आठ, चार, दोन, एक. एकाशी आलात की पुढं एक-दोन, एक-दोन, तेवढंच फिरत राहतं. आजवर पाहिलेला प्रत्येक आकडा असा एकाशी उतरला आहे. प्रत्येक उतरणारच, हे मात्र कुणाला सिद्ध करता आलेलं नाही.’’

मग त्यानं बशीवर बोटानं ठेका धरला. विषमाला संबळाचा मोठा नग, धुम. समाला लहान, टण. सात हा आकडा वाजवला तर धुम धुम धुम टण, आणि मग धुम टण टण, धुम टण टण टण.

‘‘आता उलटं बघा. पहिले चारच टोले तुम्ही मला दिलेत, धुम धुम धुम टण, आणि विचारलंत की सोळाच्या आत हा ठेका कुणाचा. फक्त साताचा. दुसऱ्या कुणाचाच नाही. चार टोल्यांना सोळाच्या आत एकच आकडा, पाच टोल्यांना बत्तिसाच्या आत एकच. टोले कितीही असू द्या, कसेही असू द्या, त्यांचा धनी असा एकच आकडा सापडतो. आणि तुमचे टोले संपले म्हणून तो थांबत नाही. तो आपला पुढं वाजवत राहतो.’’

‘‘पुढं म्हणजे काय वाजवतो?’’

‘‘त्याच्या पोटात जे असेल ते.’’

एवढंच ते गणित. पण लोकांनी त्याचं काय केलं ते त्या गणित्यांच्या स्वप्नातही नव्हतं. पहिल्यांदा म्हणे सोलापुरात एका मुलीनं गेलेल्या आजोबांच्या चालण्याचा आवाज दिला. काठी, पाऊल, पाऊल, काठी. यंत्रानं शेकडो अंकांचा आकडा काढला, आजोबांची चाल वाजवली आणि जिथं मुलीचा फोन बंद पडला होता तिथून आजोबा पुढं चालू लागले. मग रीघच लागली. कुणी आईचे पाट्यावरचे टोले आणले, कुणी बापाच्या करवतीची ये-जा. मूळ आवाज जेवढा असेल त्याच्या तिप्पट-चौपट वेळ आकडा पुढं वाजे, आणि मग खाली येत येत एकाशी टेके. धुम टण, धुम टण. ते ऐकू आलं की लोक डोळे पुसत डबा बंद करत. बाजारात बायका एकमेकींना सांगू लागल्या, आमचे अप्पा काल उतरले. मेल्याचं सुतक एकदा, उतरल्याचं हळहळणं दुसऱ्यांदा.

मल्हारी गेल्याला वर्ष होत आलं होतं. रात्रीच्या आवाजावर कायद्यानं बंदी आल्यापासून गोंधळ दिवसाच होत. कुर्डुवाडीच्या एका लग्नघरी भर अकरा वाजता तो संबळ वाजवत होता. आवाहन झालं होतं. गडागडावरच्या देव्यांना, वाटेवरच्या म्हसोबांना, शिवेवरच्या कुणाकुणाला, सगळ्यांना यायचं बोलावणं गेलं होतं. आणि एका ओळीच्या मधेच त्याचा हात थांबला. काठी बोटांत तशीच. डॉक्टर म्हणाले, हृदय.

यमाजींना मुलगा गेल्याचं दुःख होतंच, पण त्याच्या तळाशी आणखी एक काटा होता, आणि त्याबद्दल ते फक्त मथुरेजवळ बोलत. भिशांच्यात निरोपाचा एक ठेका आहे. बोलावलेल्यांना तो वाजवून परत पाठवायचं. आणि जो बोलावतो त्यानंच पाठवायचं. मल्हारीनं बोलावलं, पाठवलं नाही. ‘‘ती समदी अजून बसल्यात गं,’’ ते म्हणत. ‘‘कुणी उठा म्हणलं न्हाई त्यांना.’’

लग्नघरातल्या कुणाच्या तरी फोनवर ते वादन होतं. तेच झाकीरनं यंत्राला दिलं. आकडा आला, छापला तर कागदाचं एक अख्खं पान भरेल एवढा. ‘‘पोराचा गोंधळ त्याच्या आकड्यानंच पुरा होऊ दे,’’ यमाजी म्हणाले. म्हणून ही आंघोळ, हा चौक, हा उपास.

मथुरा संध्याकाळी घरी आली तेव्हा डबा वाजतच होता.

तांब्या रिता होता. गोळी तशीच पडली होती, कारण गोळीवर काहीतरी खावं लागतं. यमाजी मांडी घालून, तुणतुण्यावर बोट ठेवून, डोळे मिटून बसले होते. तिनं झाकीरला फोन लावला. तो हसून म्हणाला, थोडं पुढंमागं होतं, ताई, रात्रीपर्यंत उतरेल. सकाळी तिनं पुन्हा लावला तेव्हा तो हसला नाही. त्यानं केंद्रातल्या मोठ्या संगणकावर मल्हारीचा आकडा आवाजाविना, वेगानं पुढं पळवून पाहिला होता. डबा सेकंदाला चार टोले वाजवायचा. संगणक तेवढ्यात हजारभर. कोट्यवधी पायऱ्या झाल्या. आकडा वर जातो, खाली येतो, खाली आला आला म्हणेपर्यंत पुन्हा वर. उतरत नाही.

‘‘असं होऊ शकतं का?’’

‘‘होऊ शकत नाही असं कुणी सिद्ध केलेलं नाही,’’ झाकीर म्हणाला. ‘‘मी निघतोय पुण्याहून.’’

झाकीर आला तेव्हा यमाजींचा उपास दुसऱ्या दिवसाच्या उतरणीला लागला होता. ओठ सुकलेले, हात कापणारे, पण कान डब्याकडे. मथुरेनं विनवून पाहिलं, रागावून पाहिलं, डॉक्टर बोलावले. डॉक्टरांनी बोट टोचून साखर पाहिली आणि मथुरेला दाराबाहेर नेऊन सांगितलं की उद्यापर्यंत हे असंच राहिलं तर मी जबाबदार नाही. डबा बंद करू का, असं तिनं विचारलं तेव्हा वडिलांनी डोळे उघडले.

‘‘मधी बंद पडला म्हणूनच तर बसलोय, बाई. पुन्यांदा मधीच बंद करती?’’

मग त्यांनी तिला जवळ बसवलं. प्रत्येक देवतेच्या बोलावण्याचा ठेका वेगळा असतो. भिशांचं पोर तो बाराखडीच्या आधी शिकतं. यमाजी डब्यातले टोले ऐकून नाव सांगू लागले. ही माहूरची. ही औंधाची. हा वाटेवरला. थोडा वेळ गेला आणि ते गप्प झाले. कपाळाला आठ्या पडल्या.

‘‘ही कोण, मला ठावं न्हाई,’’ ते हळूच म्हणाले. ‘‘काल दुपारपासनं अशी ठाव नसलेली वाढत चाललीत. आपल्या मुलखातली न्हाईत ती. पोरगं लई लांबचं बोलावतंय, मथुरे.’’

झाकीर दारातच उभा होता. माणसाच्या मनाला ढगातसुद्धा घोडे दिसतात, तसं हे आहे, एवढंच तो म्हणाला, पण कुजबुजत. चौकातल्या गव्हाच्या राशीत बोटाबोटाएवढे खळगे पडले होते, कुणी कुणी टेकून बसल्यासारखे. डब्याच्या कंपनानं दाणे खचतात, असं तो त्यावरही म्हणाला. मथुरेनं मान डोलावली. पण रास ओलांडून पलीकडं जायचं झालं तेव्हा ती वळसा घालून गेली, आणि तिनं पाहिलं की झाकीरही वळसा घालूनच आला.

स्वयंपाकघरात त्या दोघांचं बोलणं झालं. झाकीरला आधी एक सोपा उपाय सुचला. हवे ते टोले डब्याला चिकटवायचे, शेवटी एक-दोन, एक-दोन लावायचं. यमाजीमामांना काय कळणार. मथुरेनं ते उडवून लावलं. ज्या माणसानं ऐकून देवीचं गाव सांगितलं, त्याला जोड कळणार नाही?

आणि झाकीरच्या मनात दुसरंही काही होतं. ते त्यानं लपवलं नाही. हा आकडा खरोखरच कधी उतरणार नसेल, तर जगभर जे इतकी वर्षं शोधताहेत ते मल्हारीच्या हातून सापडलं होतं.

‘‘तुझा शोध तुझ्यापाशी राहू दे,’’ मथुरा म्हणाली. ‘‘तिकडं तुझ्या संगणकावर हवं तितकं पळव. मला एवढंच सांग. मल्हारीचे सगळे टोले, त्याला लागून निरोपाचा ठेका, असं सलग वाजवणारा आकडा असेल का?’’

झाकीर म्हणाला, ‘‘असणारच. नियमच आहे तो. दुसरा आकडा, आणखी मोठा. मल्हारीचा आकडा त्याच्या पोटात तसाच राहील.’’

‘‘आणि त्याच्यानंतर तो उतरेल?’’

‘‘ते मी पळवून बघून सांगू शकतो.’’

‘‘बघू नकोस. आबांच्यासमोर बसायचं तर आपल्यालाही ठाऊक असायला नको.’’

आता निरोपाचा ठेका वाजवायला माणूस हवा होता. भिशांच्या घरात यमाजींचे हात कापत होते आणि दुसरं कुणी नव्हतं. मथुरेनं मागच्या खोलीत जाऊन मल्हारीचा संबळ काढला.

मुलींनी संबळाला हात लावायचा नाही, असं कुणी मोठ्यानं म्हटलेलं तिला आठवत नव्हतं. तसं म्हणायची वेळच आली नव्हती. पण लहानपणी परसात, दोन उलट्या डब्यांवर, मल्हारीनं तिला सगळं शिकवलं होतं. ती डावखुरी. काठ्या तिच्या हाती उलट्या पडत. बाकी सगळं तिला जमे, फक्त निरोपाच्या शेवटच्या ओळीत एका जागी ती हटकून चुके. मोठ्या नगावर धुम पडायचं तिथं तिचा हात लहानावर जाई. मल्हारी पोट धरधरून हसायचा. त्या जागेला त्यानं नावच ठेवलं होतं, ‘मथुराक्काची ठेच’.

झाकीरनं फोन धरला. मथुरेनं ओठांतल्या ओठांत ओळी म्हणत ठेका वाजवला.

आले ते पाव्हणे, टेकले घडीभर,
दिवटी विझायच्या आधी गाठा आपुलं घर.

शेवटच्या ओळीत ठेच लागलीच. पुन्हा वाजवते, असं ती म्हणणार होती. पण आतून वडिलांचा खोकला ऐकू आला, लांबलेला, कोरडा. ‘‘चालेल,’’ ती म्हणाली. ‘‘असंच घे.’’

नवा आकडा आला. झाकीर यमाजींसमोर बसला आणि त्यानं सरळ सांगून टाकलं: आधी मल्हारी, मग निरोप, आणि निरोप मल्हारीचा नाही. यमाजींनी मान हलवली. बोलावणारा एक नि पाठवणारा दुसरा, असं चालत नाही.

‘‘दोन न्हाईत, मामा,’’ झाकीर म्हणाला. पुण्यात इतकी वर्षं काढूनही त्या घरात त्याची जीभ बार्शीची व्हायची. ‘‘टोले दोन ठिकाणचे हायती. पण आकडा एकच हाय. पहिल्या धुमपासनं शेवटच्या टणपर्यंत एकच. त्याला सांधा न्हाई. त्यानंच बोलावलं, त्योच पाठवील. आणि हा आकडा मी केलेला न्हाई, मामा. आपण कुणी नव्हतो तवापासनं त्यो हायेच.’’

यमाजींनी तुणतुणं मांडीवर सरळ केलं. मग म्हणाले, ‘‘लाव.’’

तिसऱ्या दिवसाची सकाळ होती. जुना डबा बंद केला, नवा सुरू केला, मधे श्वासभर शांतता गेली तेवढीच. आवाहन पुन्हा सुरू झालं. मल्हारीचा हात थांबला होता ती ओळ आली. हात थांबला नाही. ओळ पुरी झाली आणि निरोपाचा ठेका सुरू झाला. यमाजींच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. शेवटची ओळ. ठेच.

त्यांनी डोळे उघडले आणि ते मथुरेकडं वळले.

‘‘ह्यो हात तुझा.’’

‘‘हो, आबा.’’

‘‘मल्हारीनं शिकवलं?’’

‘‘हो.’’

‘‘आणि चूक तशीच ठेवली लबाडानं,’’ यमाजी म्हणाले. रागानं नव्हे.

निरोपानंतर आकडा स्वतःचं वाजवू लागला. मथुरेची नजर वडिलांच्या छातीवर होती, ती वर होते, खाली होते, त्याच्यावर. दिवटीतलं तेल दोनदा घालून झालं. ऊन उंबऱ्यावरून आत आलं, चौकापर्यंत पोहोचलं. मग टोल्यांमधले टण वाढू लागले. निम्मा, निम्मा, निम्मा. जिना उतरून गेल्यासारखा आकडा खाली खाली येत गेला, आणि अगदी साध्या, थकलेल्या चालीवर येऊन ठेपला. धुम टण. धुम टण. अंगणातून कुणी वहाणा घालून निघून जावं तसं. तो आवाज दारातून बाहेर जातोय अशा नजरेनं यमाजींनी त्याला निरोप दिला, मग स्वतः वाकून डबा बंद केला.

राशीतले खळगे भरून आले होते, असं मथुरेला वाटलं. कदाचित कुणाचा धक्का लागून दाणे सरकले असतील.

आरती झाली. तिनं दुधात पोळी कुस्करून पहिला घास वडिलांना भरवला तेव्हा झाकीरनं तोंड फिरवलं.

पुढं दोन महिन्यांनी, एका रविवारी, झाकीर न कळवता आला. यमाजी आता बरे होते. ओट्यावर बसून शेजारच्या पोरांना झांजा शिकवत होते. झाकीरनं मथुरेला परसात नेलं. मल्हारीचा पहिला आकडा त्यानं केंद्रातल्या संगणकावर तसाच पळत ठेवला होता. गेल्या आठवड्यात तो उतरला.

‘‘म्हणजे तुझा शोध गेला,’’ मथुरा म्हणाली.

‘‘गेला.’’ तो उभ्या उभ्याच सांगत राहिला. कोट्यवधी नव्हे, शेकडो कोटी पायऱ्यांनंतर. उतरायच्या आधी तो काय वाजवत होता ते त्यानं काढून पाहिलं. पाहायला नको होतं असं त्याला वाटलं, पण पाहिलं. उतरणीच्या तोंडाशी निरोपाचा ठेका होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत. ह्या आकड्याला तो कुणी दिलेला नव्हता. दिला होता तो दुसऱ्याला. नाणं उडवत राहून निव्वळ योगायोगानं एवढे टोले ओळीनं जुळायचे तर शेकडो कोटी वेळाही फार म्हणजे फारच कमी पडतात.

‘‘निरोपच. पण शेवटच्या ओळीत, ताई...’’

‘‘ठेच,’’ मथुरा म्हणाली.

त्यानं मान डोलावली. परसात कुणाचे तरी कपडे वाळत होते, त्यांची सावली त्या दोघांवरून हलत होती.

मग त्यानं खिशातून कागद काढला. त्यानं हिशेब केला होता, की हा आकडा त्या सकाळी सुरू झाला तसा मल्हारीच्याच लयीत वाजत राहिला असता, तर तो निरोप नेमका केव्हा आला असता. तिनं त्याचा हात धरून कागद मिटवला.

‘‘फार लांब आहे का?’’

‘‘लांब आहे. तुम्ही सत्तरीच्या पुढं असाल.’’

‘‘तारीख सांगू नकोस.’’

‘‘नाही सांगत.’’

‘‘पण तो डबा मला आणून दे. पहिला. जिथवर आला असता तिथून पुढं लावून दे, मोजून. आवाज बारीक ठेव.’’

त्यानं संध्याकाळपर्यंत डबा लावून दिला.

हल्ली बार्शीत मथुरा भिसे गोंधळाला जाते. सुट्टीच्या दिवशीच, आणि यमाजी बरोबर असले तरच. लोकांनी आधी कुजबुज केली, मग सुपाऱ्या द्यायला लागले. घरी रोज सरावाला बसते. यमाजी समोर असतात, हातानं ताल धरतात, आणि शेवटच्या ओळीत, त्या जागी, रोज तिला अडवतात.

‘‘इथं धुम, मथुरे. मोठ्यावर. एवढी वर्सं झाली, अजून जमंना व्हय?’’

जमत नाही असं नाही. हात आता दोन्हीकडं जातो. तरी ती काठी लहान नगावरच टाकते. टण.

‘‘राहू द्या, आबा,’’ ती म्हणते. ‘‘ती जागा पुढं मला ओळखावी लागणार आहे.’’

यमाजींना ते कळत नाही. ते हसतात, अगदी मल्हारी हसायचा तसे. आतल्या खोलीत, कोनाड्यात, बारीक आवाजात डबा वाजत असतो. मथुरा काठ्या खाली ठेवते आणि थोडा वेळ तशीच बसून ऐकते. कुणाला बोलावतोय, ते तिलाही आता ओळखू येत नाही. फार लांबचे असावेत. यायला वेळ लागेल.